ठकठकरावांची कुजबुज

आमचे हे झाडं तपासायचे. कुठली फांदी कापायची, कुठलं झाड ठेवायचं आणि कुठलं पाडायचं हे ठरवायचा अधिकार नगरपालिकेच्या उद्यान खात्यात कागदोपत्री साहेबांचा, पण खरा ह्यांचा. एक वेळ खिशात रुमाल नसेल, पण कमरेला लाकडी हातोडी असायचीच. बुंध्यावर ठकठक करायची, मान वाकडी करून ऐकायचं, आणि झाड आतून भरीव आहे की पोकळ ते सांगायचं. त्यावरून खात्यातल्या लोकांनी ह्यांचं नाव ठकठकराव ठेवलं. ते इतकं रुळलं की पत्ता शोधत आलेली अनोळखी माणसंही दारात उभी राहून "ठकठकराव इथेच राहतात ना?" असं विचारायची, आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून "हो, या" म्हणायची.

माणूस निवृत्त झाला की त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायची पद्धत आहे. चांगले शब्द माझ्याकडे आहेत, नाहीत असं नाही. पण ह्यांच्या नोकरीचा शेवटचा महिना आम्ही दोघांनी मान खाली घालून काढला, आणि तो गाळून बाकीचं सांगणं म्हणजे नुसता हार घालणं झालं. हार घालायला साहेब आहेत.

हे कामाला लागले ते चढणारा म्हणून. अंगाने काटकुळे आणि भीती म्हणजे काय ते माहीत नाही, एवढीच काय ती लायकी. कमरेला दोर बांधून शेंड्यापर्यंत जायचं आणि खालून वस्ताद ओरडेल ती फांदी कापायची. हे वस्ताद म्हणजे खात्यातले सगळ्यात जुने चढणारे. हातोडीने झाड वाजवायला ह्यांना त्यांनीच शिकवलं. त्या काळी फांदी कापली की जखमेवर डांबर फासायचे आणि बुंध्यातल्या पोकळीत विटा आणि सिमेंट भरायचे, दाढ भरतात तसं. बऱ्याच वर्षांनी कळलं की डांबराखाली ओल धरते, सिमेंटने झाड आतून घासतं, आणि झाडाला आपली जखम आपली आपण बंद करता येते, माणसाने मधे लुडबुड केली नाही तर. वस्ताद भयंकर चिडले. म्हणाले, म्हणजे आम्ही जन्मभर झाडं मारली का? ह्यांनी मात्र दुसऱ्याच दिवशी डांबराचा पिंप भंगारात दिला. घरी येऊन मला म्हणाले, "शिकलेलं चुकीचं निघालं तर त्यात आपला कसला अपमान? पुन्हा शिकायचं." त्या दिवशी मला ह्यांचा फार अभिमान वाटला होता. ते वाक्य मी जपून ठेवलं, आणि पुढे एकदा ह्यांच्याच अंगावर फेकलं.

लग्न झाल्यावर पहिल्यांदा फिरायला म्हणून घेऊन गेले ते एका रस्त्यावर, जिथे दोन्ही बाजूंनी झाडंच झाडं होती. मी आपली चांगले कपडे घालून, केस नीट बांधून. ह्यांनी हातोडी काढून माझ्या हातात दिली. "वाजवून बघ," म्हणाले. येणारेजाणारे बघत होते. मी लाजत लाजत एक ठोका मारला. हे म्हणाले, "ऐकलंस? ठण्. हे भरीव. आता हे." पुढचं झाड मारलं तर भद् असा बसका आवाज आला. "टरबूज घेताना वाजवून घेतेस की नाही, तसंच." मला तो खेळ आवडला आणि चांगला जमायलाही लागला. पुढे संसारात त्याचा उपयोग टरबुजांपुरताच झाला.

नंतर करवतीची मशीनं आली, फांद्या भरडायची मशीनं आली. त्यांचा आवाज इतका की जवळ उभं राहिलं तर दात हलतात की काय असं वाटावं. नव्या मुलांना खात्याने कानावर लावायची जाडजूड झाकणं दिली. ह्यांना ती कधी पटली नाहीत. मशीन चालवताना आवाजावरूनच कळतं पातं कुठे अडतंय ते, असं ह्यांचं म्हणणं. कुणी झाकणं लावून आला की हे विचारायचे, "काय रे, थंडी वाजते का?" सगळे हसायचे. तो मुलगा ओशाळून झाकणं गळ्यात उतरवायचा. हा किस्सा हे घरी येऊन सांगायचे, आणि मीही हसायची.

बायकांची एक पंचाईत असते. नवरा ऐकत नाही हे प्रत्येकीचं रडगाणं, त्यामुळे त्याला खरंच ऐकू येत नसेल तर ते कळायला मार्गच उरत नाही. टीव्हीचा आवाज वाढत गेला तेव्हा हे म्हणाले, शेजारी फार गडबड करतात. फोन वाजला की माझ्याकडे सरकवायचे, "तूच बोल, मला कंटाळा येतो." दाराची घंटा मीच ऐकायची आणि मीच उघडायची, पण ती तर पहिल्यापासूनच मी उघडत होते. बोलताना हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागले होते. मला वाटलं, उतारवयात का होईना, माणसाला कदर आली.

ह्यांची बहीण, म्हणजे माझी नणंद, दुसऱ्या गावी असते. तिची मुलगी शिकायला आमच्याकडे राहिली. ह्यांच्याबरोबर हिंडून हिंडून तिलाही झाडांचं वेड लागलं. तिने त्यातलंच शिक्षण घेतलं, बाहेर जाऊन मोठी पदवी आणली आणि ह्यांच्याच खात्यात ह्यांच्या वरच्या जागेवर येऊन बसली. घरी "मामा" आणि कचेरीत "आपण". ह्यांना त्याचा आनंदच होता. चारचौघांत सांगायचे, माझी साहेबीण माझ्याच ताटात जेवून मोठी झाली.

मग तिने ते यंत्र मागवलं. झाडाला पट्टा गुंडाळायचा, पट्ट्यावर सगळीकडून लहान लहान खिळे, प्रत्येक खिळ्यावर टिचकी मारायची. आवाज लाकडातून एका बाजूने दुसऱ्या बाजूला किती वेगाने गेला ते मोजून यंत्र पडद्यावर बुंध्याचं आतलं चित्र काढतं. भरीव लाकूड तपकिरी, पोकळ भाग निळा. एकदा आमच्याकडे जेवायला आली असताना भाची मोठ्या उत्साहाने सांगत होती.

"मामा, तुम्ही ठोकता आणि ऐकता. हेसुद्धा ठोकतं आणि ऐकतं. फक्त सगळ्या बाजूंनी एकदम ऐकतं."

"मग त्यालाच वाढ," हे म्हणाले. "मी उठतो."

आणि खरंच उठले. भाचीचा घास हातातच राहिला. ज्या माणसाने डांबराचा पिंप एका दिवसात फेकून दिला तो एका पट्ट्यावर एवढा का चिडतो हे मला कळेना. त्यानंतर खात्यात हे त्या यंत्राला "खेळणं" म्हणायला लागले, आणि हे म्हणाले म्हणून बाकीचेही.

आमच्या मागच्या गल्लीत मुलांची शाळा आहे. तिच्या फाटकाशी एक फार मोठं झाड होतं, रस्त्याच्या पलीकडच्या गच्च्यांवर सावली पडेल एवढं. शाळेची भिंत त्याला चिकटूनच बांधलेली, आणि भिंतीच्या बाजूने कुणी तरी हौसेने मातीचा ढीग लावून फुलझाडं लावली होती. बुंध्याशी अशी माती चढवली की आत काय कुजतंय ते दिसत नाही. शाळेची सुट्टी संपायच्या आधी ह्यांनी ते झाड वाजवून "ठीक आहे" म्हणून सांगितलं होतं. भाचीने सराव म्हणून त्याला पट्टा बांधला, तर भिंतीकडचा जवळजवळ अर्धा बुंधा पडद्यावर निळा आला. ती घाबरली. म्हणाली, फाटक आजच बंद करा, झाड उतरवावं लागेल.

तिचं कुणी ऐकेना. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा त्या झाडावर जीव, रस्ता रुंद करताना त्यांनीच ते भांडून वाचवलेलं. साहेबांना तर ज्यात काही करावं लागत नाही ते मत नेहमीच पटतं. ठकठकराव ठीक आहे म्हणालेत ना, मग झालं. यंत्र नवीन, पोरगी नवीन. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. ठकठकरावांनी सगळ्यांसमोर झाड पुन्हा वाजवायचं. ते भरीव म्हणाले तर यंत्र आलं तसं परत जाईल, आणि भाचीने पुन्हा असा घोळ घालायचा नाही.

शाळा सुटल्यावरची वेळ ठरली. महिनाअखेरीला ह्यांची निवृत्ती, त्यामुळे तो जणू सत्काराआधीचा सत्कारच होता. बाई होत्या, साहेब होते, खात्यातली चढणारी मुलं होती, मुलांना न्यायला आलेले पालक थांबले होते. मीही गेले. खरं सांगते, मिरवायलाच गेले.

ह्यांनी हातोडी काढली. रस्त्याच्या बाजूने सुरुवात केली. ठण्. ठण्. मान वाकडी, डोळे अर्धे मिटलेले, वर्षानुवर्षांची तीच ऐट. फिरत फिरत भिंतीच्या बाजूला आले, फुलझाडांत पाय ठेवून उभे राहिले आणि मारलं.

भद्.

मला वाटलं, आता थांबतील. हे पुढे सरकले. पुन्हा भद्. इतका बसका, इतका उघडा आवाज, की टरबूज असतं तर मी फुकटसुद्धा घेतलं नसतं. मी इकडेतिकडे पाहिलं. इतरांना त्यातलं काही कळत नव्हतं. सगळे आवाज ऐकायचे सोडून ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. फक्त भाचीने मान वर केली होती.

हातोडी कमरेला अडकवून हे म्हणाले, "ठणठणीत!"

टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, "यंत्राला कान असतात हो, पण दोन कानांच्या मधे डोकं लागतं!" हशा झाला. भाची ह्यांच्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "मामा, भिंतीकडून एकदा परत बघता?" ह्यांनी वळूनही पाहिलं नाही. लोकांना वाटलं, काय तोऱ्यात दुर्लक्ष केलं, आणि ते आणखी हसले. पोरीने खाली बसून यंत्राचा डबा बंद केला. तिचे डोळे भरून आले होते. बाईंनी मला पेढा द्यावा तशा आनंदाने माझा हात दाबला, आणि मला तो हात तिथेच तोडून टाकावासा वाटला.

कारण मला वाटलं होतं, ह्यांनी आवाज ऐकला आणि तरी खोटं बोलले. स्वतःच्या भाचीला हरवायला, फाटकातून जाणाऱ्या मुलांच्या जिवावर. घरी येईपर्यंत मी ह्यांच्या चार पावलं पुढे चालत होते. लाजेने माझे कान तापले होते.

घरात शिरल्यावर हे बोळातल्या स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. पाठ माझ्याकडे. मी म्हणाले, "खोटं का बोललात?" उत्तर नाही. "जनाची नाही, मनाची तरी लाज वाटली का?" उत्तर नाही. हे शांतपणे दुसरा बूट काढत होते. माझा संताप असा झाला की ह्यांनी फळीवर ठेवलेली हातोडी मी उचलली आणि ह्यांच्या पाठीमागच्या दारावर दाणकन हाणली.

हे हलले नाहीत.

मी पुन्हा मारली. शेजारणीचं दार उघडल्याचा आवाज आला. हे बुटात मोजे कोंबत होते. मग सहज मागे वळले आणि मला हातोडी उगारलेली पाहून म्हणाले, "काय गं, डोक्यात घालतेस की काय?"

मी तोंडावर हात धरला आणि हाताआडून म्हणाले, "मी आत्ता काय म्हणाले?"

ह्यांचं हसू उतरलं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग हातोडीकडे. मोजा तसाच हातात राहिला.

"कधीपासून?" मी समोर जाऊन विचारलं.

"तीन वर्षं झाली असतील. आधी बारीक आवाज गेले. पक्षी वगैरे. मग एकेक."

"आणि तरी ठोकत हिंडता?"

"हाताला कळतं गं. दांड्यातून कळतं. शेंडा बघतो, साल बघतो, मुळाशी अळंबी आहेत का बघतो. चुकलो नाही अजून."

"आज चुकलात. भिंतीकडून भद् वाजलं. मी ऐकलं."

"नक्की?"

"दोन्ही वेळा."

ह्यांनी हातातला मोजा घडी करून बुटात ठेवला. मग म्हणाले, "ज्या पोरांना मी थंडी वाजते का विचारलं, त्यांच्यासमोर आता उभं राहून काय सांगू? की माझेच कान गेले?"

तेव्हा मी जपून ठेवलेलं ते वाक्य काढलं. शिकलेलं चुकीचं निघालं तर आपला कसला अपमान, हे कोण म्हणालं होतं?

"ते शिकलेलं होतं," हे म्हणाले. "हे माझे कान आहेत. थोडे दिवस थांब. निरोप समारंभ होऊ दे. मग बघू."

"मुलं थांबणार आहेत का थोडे दिवस? की झाडाला सांगून येता, समारंभ झाल्यावर पड म्हणून?" मी म्हणाले. "उद्या सकाळी तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

सकाळी मी उठले तेव्हा हे घरात नव्हते. चहाही घेतला नव्हता. मी भाचीला फोन करून शाळेशी यायला सांगितलं आणि तशीच निघाले.

हे फाटकासमोर दोन्ही हात पसरून उभे होते. "मागच्या दाराने! मागच्या दाराने जा!" शाळेत येणारी मुलं गोळा झाली होती. बाई आतून विचारत होत्या, काय झालं? हे म्हणाले, "मुंग्या आहेत. लाल मुंग्या." मुलं उत्साहाने खाली बसून मुंग्या शोधायला लागली. एक वडील म्हणाले, "अहो, कालच तर ठणठणीत म्हणालात ना?" हे म्हणाले, "झाड ठणठणीतच आहे. मुंग्या आहेत." एवढ्या वर्षांत ह्यांच्या शब्दावर झाडं उभी राहिली आणि झाडं पडली, आणि तो माणूस शाळेच्या दारात लाल मुंग्यांची थाप मारत होता. तीही धड मारता येत नव्हती. मला रस्त्याने परत फिरावंसं वाटलं.

तेवढ्यात भाची स्कूटरवरून आली. तिला बघितल्यावर ह्यांचे हात खाली आले. त्यांनी तिचा दंड धरला, तिला रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीशी नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकून कुजबुजायला लागले.

ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्याला तो किती मोठा आहे हे कसं कळणार? ती कुजबुज चौकापर्यंत गेली.

"मला ऐकू येत नाही गं! तीन वर्षं येत नाही. ठोकतो आणि ऐकल्यासारखं तोंड करतो. काल काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. तुझं यंत्र बरोबर आहे, झाड पाड. मी त्याला खेळणं म्हणालो ते उगाच नाही म्हणालो. ते आलं की मला कोण बोलावणार? कशाला बोलावणार? तुझाच मला हेवा वाटला. तुझा, बघ."

रस्ता जागच्या जागी थांबला. बाई फाटकाच्या गजाला धरून उभ्या. एका गाडीवाल्याने इंजिन बंद केलं होतं. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई चिमटा तोंडात धरून तशीच राहिली. भाचीला ह्यांना गप्प करता आलं असतं. ओठांवर बोट ठेवलं असतं तरी पुरलं असतं. तिने ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि संपेपर्यंत ऐकून घेतलं.

शेवटी ह्यांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि आणखी जवळ वाकून त्याच आवाजात बजावलं, "कुणाला कळू देऊ नकोस. समारंभात मीच सांगेन."

तेही सगळ्या रस्त्याने ऐकलं, आणि सगळ्या रस्त्याने ते पाळलं. पालक मुलांचे हात धरून मागच्या दाराकडे वळले. एक मुलगी विचारत होती, "आई, लाल मुंग्या कुठायत?" तिची आई म्हणाली, "आहेत. चल." बाईंनी स्वतः फाटकाला आतून कुलूप घातलं. हे पायरीवरून उतरून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सांगितलं तिला. कुणाला काही कळलं नाही." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

झाड त्याच आठवड्यात उतरवलं. साहेबांनी ह्यांना निरोप धाडला होता की यायची गरज नाही, पण हे गेले. बुंधा कापला तर भिंतीकडून आत दोन मुलं बसतील एवढी पोकळी निघाली, आणि तिच्यात चहाच्या पावडरीसारखा भुसा. चढणारी मुलं कानावर झाकणं लावून काम करत होती. ह्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि बघायचं नाही असं ठरवून बघत नव्हतं. शाळेच्या शिपायाने ह्यांना खुर्ची आणून दिली. बाईंनी विचारलं, पाणी आणू का? कुणी तरी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हे खुर्चीला हात लावून शेवटपर्यंत उभे राहिले.

भाचीने ह्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, यंत्र बसवलं की बोलणं थोडं कळेल, पण बारीकसारीक आवाजांतला फरक आता नाही. ते यंत्र यायच्या आधीच समारंभाचा दिवस आला.

खात्याच्या सभागृहात सगळे जमले होते. साहेबांनी हार घातला. ह्यांना विषय दिला होता, 'आपल्या व्यवसायाचं भवितव्य'. हे माईकसमोर उभे राहिले, कागद काढला, पुन्हा खिशात ठेवला आणि म्हणाले, "इथे कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट आधी सांगतो."

त्या सभागृहात ती माहीत नसलेलं माणूस शोधून सापडलं नसतं. चहा देणाऱ्या पोऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. पण कुणी हललं नाही. मागच्या रांगेतली चढणारी मुलं, आमच्या गल्लीतले लोक, बाई, सगळे असे पुढे वाकून बसले की जणू आत्ताच पहिल्यांदा ऐकताहेत. ह्यांनी कानांचं सांगितलं. शाळेच्या झाडाचं सांगितलं. "तुम्हाला मी थंडी वाजते का विचारायचो," मागच्या रांगेकडे बघत म्हणाले, "ती झाकणं काढू नका. मी सांगितलं तरी काढू नका." साहेब इतक्या जोरात "अरे बाप रे!" म्हणाले की एवढं वाईट नाटक मी शाळेच्या संमेलनातही पाहिलं नव्हतं. नशीब, ह्यांना ते ऐकू गेलं नाही.

मग म्हणाले, "तीन वर्षांत मी जी झाडं ठीक आहेत म्हणून सांगितली ती सगळी यंत्राने पुन्हा तपासा. माझी एवढी एकच मागणी आहे. पट्टा उचलायला मी येईन. शेंडा, साल, माती कशी बघायची ते माझ्याकडून शिका. आवाज हिच्याकडून." आणि भाचीकडे बोट दाखवून खाली बसले. व्यवसायाचं भवितव्य एवढंच. हेव्याचं मात्र काही बोलले नाहीत. ते त्यांनी तिच्या एकटीच्या कानात सांगितलं होतं, अशी ह्यांची समजूत होती.

घरी आल्यावर हे त्याच स्टुलावर बसले, पण चेहरा मोकळा. हार खुंटीला, हातोडीशेजारी अडकवला. "सुटलो," म्हणाले. "पण एवढं सांगितलं, कुणी दचकलं कसं नाही गं?"

माझ्या मनात आलं, राहू दे. एवढ्या सगळ्यांनी झाकलं, मीच कशाला उघडू? पण ज्या तोंडाने मी ह्यांना 'तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते' म्हणाले होते ते तोंड आता मिटून कसं घेऊ? मी समोर जाऊन बसले, ओठ दिसतील अशी, आणि सांगितलं.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"बाईंना? साहेबांना?"

"चौकातल्या गाडीवाल्यालासुद्धा."

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग अगदी हळू, म्हणजे ह्यांच्या मते हळू, विचारलं, "आणि ते... मला कोण बोलावणार म्हणालो ते?"

"तेही."

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मान कानांपर्यंत लाल झाली होती. इतक्या वर्षांत मी ह्यांना पडलेलं पाहिलं आहे, टाके घातलेले पाहिले आहेत, पण असं कधी पाहिलं नव्हतं. हाताआडून आवाज आला, "उद्यापासून तपासणीला निघायचं आहे. कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी त्यांचे हात बाजूला केले, म्हणजे माझे ओठ दिसतील. "तीन वर्षं ज्या तोंडाने ऐकल्यासारखं करत होतात, त्याच," मी म्हणाले. "दुसरं कुठून आणणार?"

सकाळी हे लवकर तयार होऊन खिडकीशी पाठ करून बसले होते. भाचीने आदल्या दिवशी आणून ठेवलेला पट्टा गुंडाळून मांडीवर घेतला होता. हातोडी खुंटीवरच होती. जायचं की नाही ते ह्यांचं ठरत नव्हतं, मला दिसत होतं, आणि मी मुद्दाम विचारलं नाही. एवढ्यात खालून स्कूटर थांबल्याचा आवाज आला, आणि भाचीने रस्त्यावरून हाक मारली. "मामा!" एकदा, मग आणखी मोठ्याने. ह्यांना ऐकू आली नाही. मी मागून जाऊन ह्यांच्या खांद्याला हात लावला. हे वळले, आणि माझ्या ओठांकडे बघायला लागले.

"बोलावतेय," मी म्हणाले.